आकाशात काहीतरी दिसलं, तर सरकारला काय विचारायचं? बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

बडोद्यात उत्तरायण आणि नवरात्र हे असल्या प्रश्नांचे दोन हंगाम. धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, उभ्या असलेल्या कुणाला तरी दिवा दिसतो, तो मोबाइलवर टिपला जातो आणि दुसऱ्या दिवशी विचारणा सुरू होते: "सरकारला माहीत असेलच ना? विचारायचं कुणाला?" मी हौसेनं आकाश बघतो आणि शेजारपाजारच्यांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्याच दारात येतात. नेहमी येणारे इथे एकत्र केले आहेत. परग्रहावर कुणी राहतं की नाही, हा प्रश्न यात घेतलेला नाही. त्याचं उत्तर कुठल्याच कचेरीच्या खिडकीवर मिळत नाही.

सरकारं अशा विचारणेला उत्तर देतात तरी का?

देतात, पण बहुतेक वेळा तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला देत नाहीत. तुम्हाला हवं असतं "ते काय होतं?" याचं उत्तर. सरकारला हवं असतं "त्यापासून आपल्या हवाई हद्दीला धोका होता का?" याचं. धोका नव्हता असं एकदा ठरलं की त्यांच्या लेखी काम संपलं. मग तो फुगा होता की शुक्र, हे कुणी शोधो न शोधो. ब्रिटनचं संरक्षण खातं पत्र पाठवणाऱ्यांना हे उघडच कळवायचं: शत्रूचं किंवा विनापरवाना विमान आमच्या हद्दीत शिरलं का, एवढंच आम्ही पाहतो, प्रत्येक दिव्याचा छडा लावत नाही. लोक याला टाळाटाळ म्हणतात. मला ते बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर वाटतं.

आणि सामान्य माणसालाच असं उत्तर मिळतं असंही नाही. १९५२च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या रडारवर ठिपके दिसल्याच्या बातम्या जगभर गाजत होत्या, तेव्हा खुद्द पंतप्रधान चर्चिल यांनी हवाई खात्याला चिठ्ठी पाठवून विचारलं की या उडत्या तबकड्यांचं प्रकरण नेमकं आहे तरी काय. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: ग्रहतारे आणि हवामानाचे प्रकार, ओळखण्यातली गफलत, दृष्टिभ्रम किंवा मुद्दाम केलेली थट्टा. पंतप्रधानांना मिळालेली ही यादी आणि आज तुम्हाआम्हाला मिळेल ती यादी यांत फारसा फरक नाही.

म्हणून माझा सल्ला एकच असतो, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांत तोच फिरून येईल: सरकारला मत विचारू नका, कागद मागा. "ते काय होतं" असं विचारलंत तर दोन ओळींत बोळवण होते. "त्या रात्री तुमच्या वहीत काय लिहिलं गेलं" असं विचारलंत तर कुणाला तरी वही उघडावी लागते.

भारतात यासाठी वेगळं खातं आहे का?

लोकांकडून अशा नोंदी घेणारं, त्यांची तपासणी करून निष्कर्ष जाहीर करणारं खातं आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये आहे, चिलीत आहे, ब्रिटनमध्ये २००९ पर्यंत होतं. आपल्याकडे ज्याच्या हद्दीत वस्तू दिसली त्याचं ते काम: विमानतळाजवळ असेल तर विमानतळ प्राधिकरण आणि हवाई दल, सीमेवर असेल तर लष्कर, शेतात काही पडलं तर पोलीस आणि जिल्हाधिकारी. कागद या सगळ्यांच्या दप्तरांत विखुरलेले असतात. एका ठिकाणी अर्ज करून सगळं मिळेल ही आशा सोडा.

मग बडोद्यात काही दिसलं तर कळवायचं कुणाला?

नुसता दिवा दिसला आणि गेला, तर कुणालाच कळवायची गरज नाही. वेळ, दिशा आणि उंचीचा अंदाज लिहून ठेवा आणि झोपा.

हरणी विमानतळाच्या बाजूला, विमानांच्या वाटेत काही घिरट्या घालत असेल तर मात्र थांबू नका, ११२ला फोन करा. ड्रोन असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आणि धोकाही त्याचाच सगळ्यात मोठा. २०२१च्या ड्रोन नियमांनी विमानतळाभोवतीचा परवानगी लागणारा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आणला. तरी हरणीपासून १२ किलोमीटर म्हटलं की जवळजवळ अख्खं शहर आलंच.

फोनवर "उडती तबकडी" हा शब्द वापरू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. "विमानतळाच्या दिशेला, कमी उंचीवर, दिवा असलेली वस्तू, दहा मिनिटांपासून" एवढं पुरतं. पलीकडचा माणूस ते लिहून घेतो. आणि जे लिहून घेतलं जातं तेच पुढे मागता येतं.

सावली तालुक्यात गोळे पडले होते, त्यांचं काय झालं?

आमच्या भागापुरती ही सगळ्यात चांगली गोष्ट, कारण इथे वस्तू हातात आली. १२ मे २०२२ला आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज आणि रामपुरा इथे धातूचे काळपट गोळे आकाशातून पडले. एकेक पाच किलोच्या आसपास. पाठोपाठ खेडा जिल्ह्यातून आणि आपल्या वडोदरा जिल्ह्यातल्या सावली तालुक्यातून तशाच बातम्या आल्या. पोलिसांनी गोळे ताब्यात घेतले, न्यायवैद्यक तपासणीचे लोक आले. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल, जे जगभरातल्या उपग्रहांची आणि रॉकेटांची नोंद ठेवतात, त्यांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं की हे चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचे अवशेष असावेत.

त्याच्या महिनाभर आधी, २ एप्रिलला, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशावरून जळत्या रेघा गेल्या होत्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं पडलं होतं. तेही त्याच जातीच्या रॉकेटचं. इंदूरच्या नातेवाइकांनी त्या रात्री पाठवलेले व्हिडिओ आमच्याकडे बऱ्याच घरांत अजून असतील.

अशा वेळी सरकारं काय करतात, याला आंतरराष्ट्रीय कायदा आहे. १९६८च्या करारानुसार दुसऱ्या देशाची अवकाशातली वस्तू आपल्या जमिनीवर सापडली, तर ती सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं असतं. १९७२च्या करारानुसार नुकसानीची भरपाई सोडणारा देश देतो. हे कागदावरच राहिलेलं नाही. २४ जानेवारी १९७८ला सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडानं साफसफाईचं साठ लाख डॉलरचं बिल पाठवलं आणि घासाघीस होऊन १९८१मध्ये तीस लाखांवर सौदा मिटला.

सावलीच्या गोळ्यांपाशी मुलं हात लावून फोटो काढत होती म्हणे. हे करू नका. रॉकेटच्या टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लांब उभं राहा, फोटो लांबूनच काढा, पोलीस पाटलाला किंवा ११२ला कळवा. घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा. मालकी सोडणाऱ्या देशाची राहते.

आपल्या सैन्याला कधी असं काही दिसलं आहे का?

दिसलं आहे, आणि त्यातलं लडाखचं प्रकरण मला फार आवडतं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या भागातल्या जवानांनी आकाशात प्रकाशमान वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ वेळा वस्तू प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आल्याचंही लिहिलं. चीनचे हेरगिरी करणारे ड्रोन असतील असा संशय होता. संरक्षण संशोधन संस्थेनं पाहिलं, तांत्रिक गुप्तवार्ता संघटनेनं पाहिलं, उलगडा होईना. शेवटी बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी वेळा आणि दिशा जुळवल्या. निघाले गुरू आणि शुक्र.

यात हसण्यासारखं काही नाही. त्या उंचीवर हवा विरळ आणि स्वच्छ, ग्रह विलक्षण तेजस्वी दिसतात, आणि समोर शत्रूची चौकी असताना प्रत्येक दिवा संशयास्पदच वाटणार. जवानांनी उत्तम काम केलं: प्रत्येक वेळी लिहून ठेवलं. त्या नोंदी नसत्या तर खगोलशास्त्रज्ञांकडे जुळवायला काही नसतं आणि ते ड्रोन आजही ड्रोनच राहिले असते.

दुसरी घटना इम्फाळची. १९ नोव्हेंबर २०२३ला दुपारी अडीचच्या सुमारास तिथल्या विमानतळाजवळ वस्तू दिसली. काही तास उड्डाणं थांबली, विमानं दुसरीकडे वळवली, हवाई दलानं राफाल पाठवली. मग पूर्व विभागानं जाहीर केलं की विमानतळावरून मिळालेल्या माहितीवरून हवाई संरक्षण यंत्रणा सुरू केली होती, ती छोटी वस्तू त्यानंतर दिसली नाही. वस्तू काय होती याबद्दल त्यात एक अक्षर नाही. पहिल्या उत्तरात म्हटलं ते हेच: काय केलं ते सांगितलं, काय होतं ते नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो का? कसा लिहायचा?

येतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

कायद्यानुसार "माहिती" म्हणजे जी कचेरीत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात आहे ती: फाइल, पत्र, नोंदवही, ध्वनिमुद्रण. सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात स्पष्ट केलं की अधिकाऱ्यानं नव्यानं माहिती तयार करून देणं किंवा मत देणं अपेक्षित नाही. त्यामुळे "आकाशात दिसलेली वस्तू काय होती ते कळवावे" हा अर्ज जन्मतःच मेलेला असतो. माझ्याकडे येणारे बहुतेक कच्चे अर्ज असेच असतात. एका काकांनी तर सहा पानी अर्ज आणला होता. त्यात पुष्पक विमानापासून सगळं होतं, फक्त तारीख नव्हती.

मी साधारण असं लिहून देतो:

"दिनांक अमुक रोजी रात्री ८ ते १० या वेळेत वडोदरा विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीत अनोळखी हवाई वस्तू, ड्रोन, फुगा किंवा आकाशकंदील यांविषयी केलेल्या नोंदींची प्रत द्यावी. याच कालावधीत याविषयी पोलीस किंवा हवाई दलाशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत द्यावी. नोंद नसल्यास तसे लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. "नोंद नाही" हेसुद्धा सहीशिक्क्याचं उत्तर असतं. अर्ज का करताय हे सांगायची गरज नाही, कायद्याच्या सहाव्या कलमातच तसं आहे. कारण विचारलं तरी सांगू नका. तबकडीचं नाव निघालं की अर्ज हसण्यावारी जातो.

भाषेचा एक मुद्दा आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. इथे ती गुजराती. दांडिया बाजारात सगळा व्यवहार मराठीत चालत असेल, पण अर्ज मराठीत दिलात तर परत आला म्हणून तक्रार करता येणार नाही.

केंद्राच्या कचेरीसाठी, म्हणजे विमानतळ प्राधिकरण किंवा हवाई दल, शुल्क १० रुपये, आणि केंद्राच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येतं. गुजरात राज्याच्या कचेरीसाठी, म्हणजे पोलीस किंवा जिल्हाधिकारी, २० रुपये. चुकीच्या कचेरीत गेलात तरी त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायला हवा. उत्तराची मुदत ३० दिवस.

आणि इथेच खरी मेख आहे. नियंत्रण कक्षातलं वैमानिकांशी झालेलं संभाषण मुद्रित होतं, पण आंतरराष्ट्रीय नियमानुसार ते किमान ३० दिवस जपलं की पुरे. चौकशी चालू नसेल तर पुढे पुसलं जाऊ शकतं. तुम्ही महिनाभर विचार करून अर्ज केलात तर कायदा तुमच्या बाजूनं आणि टेप कोरी, अशी गत व्हायची. पहिल्या आठवड्यातच अर्ज करा आणि मुद्रण जपून ठेवण्याची विनंती त्यातच लिहा.

टेपचं महत्त्व शिकागोच्या ओहेअर विमानतळानं दाखवलं. ७ नोव्हेंबर २००६ला तिथल्या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी विमानतळाच्या एका गेटच्या वर तरंगणारी करडी तबकडी पाहिल्याचं सांगितलं. अमेरिकेचं हवाई वाहतूक प्रशासन आधी म्हणालं, आमच्याकडे काही माहिती नाही. एका वृत्तपत्रानं तिथल्या माहिती कायद्याखाली अर्ज केला, मग टेपा तपासल्या गेल्या आणि कंपनीच्या पर्यवेक्षकानं टॉवरला केलेला फोन त्यात सापडला. प्रशासनानं हवामानाचा प्रकार म्हणून विषय मिटवला, पण "माहिती नाही" हे उत्तर मागे घ्यावं लागलंच.

"राष्ट्रीय सुरक्षेमुळे देता येत नाही" असं उत्तर आलं तर?

कलम ८(१)(क) दाखवून आलं असेल तर तिथे थांबू नका. दहाव्या कलमानुसार गोपनीय भाग झाकून बाकीचा कागद देता येतो, तो मागा. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, मग ९० दिवसांत दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे.

पण काही दारं मुळातच बंद आहेत. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ज्या संस्था आहेत त्यांना भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले तर हा कायदा लागू नाही. संरक्षण संशोधन संस्था त्यात आहे, भारत-तिबेट सीमा पोलीस आहेत, तांत्रिक गुप्तवार्ता संघटना आहे. लडाखच्या प्रकरणात नेमक्या याच संस्था गुंतल्या होत्या. मात्र उलगडा करणारी ताराभौतिकी संस्था त्या यादीत नाही. एकाच घटनेचे कागद दोन कपाटांत, एकाला कुलूप आणि दुसऱ्याला नाही, असं बरेचदा असतं. अर्ज कुठे करायचा हे ठरवण्यात निम्मी अक्कल लागते.

आणखी एक वाट आहे: आपल्या खासदारामार्फत लोकसभेत प्रश्न. मंत्र्यांचं उत्तर छापील असतं आणि सगळ्यांना वाचायला मिळतं. फक्त खासदाराला ते पटवून देणं तुमच्यावर.

अमेरिकेत तर सगळं उघड केलं म्हणतात, खरं का?

बरंच उघड केलं, सगळं नाही, आणि जे उघड केलं ते वाचायला फार कंटाळवाणं आहे. १९४७पासून १९६९पर्यंत त्यांच्या हवाई दलानं तीन वेगवेगळ्या नावांनी चौकशी चालवली. शेवटची ब्लू बुक, १९५२ ते १९६९. एकूण १२,६१८ नोंदी, त्यांतल्या ७०१ अनुत्तरित राहिल्या. कोलोरॅडो विद्यापीठाच्या काँडन समितीनं पुढे अभ्यासातून विज्ञानाच्या हाती फारसं लागणार नाही असा अहवाल दिला आणि डिसेंबर १९६९मध्ये दुकान बंद झालं. फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं हवाई दल विचारणाऱ्यांना एक ठरावीक माहितीपत्रक पाठवत राहिलं: एवढ्या नोंदी, एवढ्या अनुत्तरित, धोका नाही, फाइली तिथे आहेत, जाऊन बघा. त्यातली शेवटची ओळ मला मोलाची वाटते.

नवा अध्याय २०२१चा. जूनमध्ये गुप्तवार्ता विभागानं १४४ नोंदींचा अहवाल दिला, खात्रीनं उलगडा झाला एकीचाच: हवा जात असलेला मोठा फुगा. २०२२मध्ये संरक्षण खात्यात आरो नावाचं कार्यालय सुरू झालं. त्याच्या २०२४च्या अहवालात ७५७ नव्या नोंदी होत्या. त्यांतल्या २१ आणखी खोलात जाण्याजोग्या ठरल्या आणि ४४४ पुरेशी माहिती नाही म्हणून बाजूला ठेवल्या. वर्तमानपत्रं २१च्या मागे लागली. माझं लक्ष ४४४वर जातं. वेळ नीट नाही, दिशा नाही, व्हिडिओत क्षितिज नाही. जगातल्या सगळ्या सरकारांची हीच रड आहे.

सरकारं खोटं बोलत नाहीत का?

बोलतात. त्याचा सगळ्यात चांगला पुरावा त्यांच्याच कागदांत आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेची यू-२ ही हेरगिरीची विमानं साठ हजार फुटांच्या वर उडायला लागली. प्रवासी विमानं तेव्हा दहा-वीस हजार फुटांवर असायची. संध्याकाळी खाली अंधार आणि वर ऊन, म्हणजे वैमानिकांना कल्पनेबाहेरच्या उंचीवर चमकणारा ठिपका दिसायचा. त्यांच्या तक्रारी ब्लू बुककडे जायच्या. तिथले लोक यू-२च्या वेळापत्रकाशी ताडून पाहायचे, उत्तर कळायचं, पण सांगता येत नसे. मग बर्फाचे कण, तापमानाचा उलटा थर असलं काहीतरी कळवलं जायचं. सीआयएच्याच इतिहासकारानं १९९७मध्ये हे लिहिलं आणि त्या काळातल्या निम्म्याहून जास्त नोंदी या विमानांच्या होत्या असा दावा केला. निम्म्याचा आकडा बऱ्याच अभ्यासकांना पटत नाही, मलाही जास्तच वाटतो. पण पद्धत तीच होती.

अमेरिकेतल्या रॉझवेल गावचंही तसंच. जुलै १९४७मध्ये तिथल्या हवाई तळानं "तबकडी मिळाली" असं जाहीर केलं आणि लगेच "हवामानाचा फुगा" म्हणून मागे घेतलं. फुगा होताच, पण सोव्हिएत अणुस्फोटांचा आवाज वरच्या हवेत टिपणाऱ्या मोगल या गुप्त प्रकल्पाचा. हे हवाई दलानं सांगितलं १९९४मध्ये, तेही न्यू मेक्सिकोच्या खासदारानं हिशेब तपासनिसांना मागे लावल्यावर. तपासनिसांना असंही आढळलं की त्या तळाची त्या काळातली काही दप्तरं नष्ट झालेली आहेत. सत्तेचाळीस वर्षं अर्धसत्य चालवलं की पूर्ण सत्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, यात लोकांचा दोष काढता येत नाही.

घाईचं उत्तरही खोट्याइतकंच महाग पडतं. मार्च १९६६मध्ये मिशिगनमध्ये शेकडो लोकांनी दिवे पाहिले. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी दोन-चार दिवसांत पत्रकार परिषद घेऊन काही दिवे दलदलीतल्या वायूचे असू शकतात असं सांगितलं. लोक असे खवळले की तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, पुढे जे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदीय सुनावणीची मागणी केली. सुनावणी झाली आणि त्यातूनच काँडन समिती निघाली.

ब्रिटननं कार्यालय बंद का केलं?

पन्नासहून जास्त वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका असल्याचं दिसलं नाही आणि माणसं दुसऱ्या कामाला हवी होती, हे अधिकृत कारण. डिसेंबर २००९पासून फोन आणि ईमेल बंद. गंमत म्हणजे त्याच वर्षी ६४३ नोंदी आल्या होत्या, तिथल्या मानानं प्रचंड. या उसळीचं एक मोठं कारण लग्नकार्यात सोडलेले चिनी आकाशकंदील.

ओळखीचं वाटलं ना? उत्तरायणाच्या रात्री आपल्याकडे पूर्वी पतंगाच्या दोरीला तुक्कल, म्हणजे कागदी कंदील, बांधायचे, ते एका ओळीत डुलायचे आणि दोरी धाब्यावर कुणाच्या तरी हातात असायची. चिनी तुक्कल सुटं उडतं, कुठेही जळतं, म्हणून दरवर्षी पोलीस आयुक्तांचं मनाईचं जाहीरनामं निघतं. तरी १४ जानेवारीच्या रात्री वाडी, मांडवी, रावपुऱ्यावरून नारिंगी ठिपके वाऱ्याच्या दिशेनं एकाच वेगानं सरकताना दिसतातच. ब्रिटनच्या संरक्षण खात्याला ज्यांनी दमवलं ते हेच.

चांगली गोष्ट अशी की बंद करताना फाइली दडपल्या नाहीत. २००८ ते २०१३मध्ये त्या टप्प्याटप्प्यानं राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या झाल्या. १९६७च्या आधीच्या मात्र बऱ्याच आधीच नष्ट केल्या होत्या, कारण पाच वर्षांनी त्या फेकायचा नियम होता.

मग सगळ्यात चांगली पद्धत कुणाची?

माझं मत फ्रान्सचं. तिथे हे काम सैन्याकडे नाही, राष्ट्रीय अवकाश संस्थेकडे आहे, तूलूझमध्ये, १९७७पासून. आजचं नाव जेइपान. नागरिक प्रश्नावली भरतात, गावच्या पोलिसांनी घेतलेले जबाबही तिथे पोचतात. प्रत्येक प्रकरणाला चारपैकी एक अक्षर मिळतं: ए म्हणजे उलगडा पक्का, बी म्हणजे बहुधा, सी म्हणजे माहिती अपुरी, डी म्हणजे माहिती चांगली असूनही उलगडा नाही. डी साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतात. २००७पासून प्रकरणं इंटरनेटवर खुली आहेत, साक्षीदारांची नावं काढून.

यात शहाणपण सी आणि डी वेगळे ठेवण्यात आहे. आपल्याकडे "कळलं नाही" म्हटलं की दोन्ही एकाच गोणीत जातात.

चिलीचाही एक किस्सा. तिथल्या नौदलाच्या हेलिकॉप्टरनं २०१४मध्ये एक वस्तू टिपली, सरकारी समितीनं दोन वर्षं तपासून हात टेकले आणि २०१७मध्ये व्हिडिओ खुला केला. विमानांचे मार्ग तपासणाऱ्या हौशी लोकांनी काही दिवसांत दाखवलं की ते दूरवरचं प्रवासी विमान आहे. समितीची यात नाचक्की झाली, पण फाइल कपाटातच राहिली असती तर ती आजही गूढ म्हणून फिरली असती.

संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करता येते का?

नाही. ग्रेनाडाचे पंतप्रधान एरिक गेरी यांच्या आग्रहामुळे डिसेंबर १९७८मध्ये आमसभेनं सदस्य देशांना याबाबत संशोधन करून महासचिवांना कळवायचं आवाहन केलं. पुढच्याच वर्षी गेरींची सत्ता उलथली आणि विषय मागे पडला.

अर्ज करायच्या आधी घरीच काय तपासावं?

पश्चिमेला, सूर्यास्तानंतर, हलत नसलेला पांढरा दिवा: शुक्र. एका ओळीत चालणारे मणी: नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह. वायव्येला ढगांवर मागेपुढे होणारी नारिंगी झळाळी: कोयलीच्या रिफायनरीची ज्वाला, ढग खाली उतरले की ती जास्तच दिसते. नवरात्रात ढगांवर गोल फिरणारे फिकट ठिपके: गरब्याच्या मैदानावरचे झोतदिवे. हे शेवटचं ओळखायची सोपी खूण म्हणजे आरती झाली की ते बंद होतात.

व्हिडिओ काढताना मोबाइल झूम करू नका. झूम केला की शुक्रसुद्धा तबकडीसारखा थरथरतो. चौकटीत एखादी टाकी, गच्चीचा कठडा, खांब असं स्थिर काहीतरी येऊ द्या आणि मूळ फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या व्हिडिओत वेळेची माहिती उरत नाही.

बडोद्याहून अमेरिकेच्या त्या आरो कार्यालयाला नोंद पाठवता येईल का?

नाही. तिथला अर्ज फक्त अमेरिकी सरकारच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांसाठी, सैनिकांसाठी आणि कंत्राटदारांसाठी आहे. तुमचे १० रुपये विमानतळ प्राधिकरणाच्या अर्जावरच खर्च करा.